न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन : बेल ४७ च्या मागावर

अमेरिकेत लेकीकडे किंवा मुलाकडे आलेल्या आई-बाबांचा दौरा बहुतेक मराठी घरांत ठरलेलाच असतो: न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन. याच रस्त्यांवर थोडी वाट वाकडी केली, तर बेल ४७ या हेलिकॉप्टरचा जन्मापासूनचा प्रवास जागेवर जाऊन बघता येतो. ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळालेलं हे जगातलं पहिलं हेलिकॉप्टर. त्याआधीही हेलिकॉप्टरं उडत होती, सैन्यात दाखलही झाली होती. पण शेतावर फवारणी, डोंगरात मोजणी, जखमींची ने-आण अशी रोजची कामं दिवसामागून दिवस करून दाखवली ती बेल ४७ ने. माझ्या मते त्याचं सगळं श्रेय रोटरच्या (फिरणाऱ्या पात्यांच्या) हबमधल्या, म्हणजे पाती जिथे जोडली जातात त्या मधल्या भागातल्या, एका कल्पनेला आहे. म्हणून सुरुवात जिथे ती कल्पना तयार झाली त्या भागातून करायची.

फिलाडेल्फियाहून पाओलीला लोकल गाडी जाते. ही कल्पना ज्याची, त्या आर्थर यंगने याच पाओलीतल्या आपल्या शेतावर हेलिकॉप्टरच्या छोट्या मॉडेलांवर प्रयोग केले. तो १९२७ चा प्रिन्स्टनचा पदवीधर, विषय गणित. माणूस बसवायच्या आधी मॉडेल स्थिर राहिलंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्यापायी बारा-तेरा वर्षं गेली. पाओलीत आज बघण्यासारखं काही उभं नाही, त्यामुळे तिथे न रेंगाळता वेस्ट चेस्टर गाठावं. ब्रँडीवाइन विमानतळाला लागून अमेरिकन हेलिकॉप्टर म्युझियम आहे. आठवड्यातले सगळे दिवस ते उघडं नसतं, तेव्हा वेळा बघून निघा. मुलं बरोबर असतील तर आणखी चांगलं, कारण काही हेलिकॉप्टरांत बसू देतात. बहुतेकांचे पाय रोटर वळवून विमानासारखं उडणाऱ्या व्ही-२२ ऑस्प्रेकडे वळतात. आपण बेल ४७ कुळातल्या यंत्रांपाशी जायचं आणि मान वर करून हब बघायचं.

पाती दोनच. दोन्ही एकाच जोखडाला जोडलेली आणि ते जोखड मास्टच्या (रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्याच्या) टोकावर सी-सॉसारखं डुलणारं, म्हणजे एक पातं वर गेलं की दुसरं खाली. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे जातं. त्यामुळे दोन्हीकडची उचल सारखी राहत नाही, आणि तो फरक या डुलण्यात जिरतो. तीन पात्यांच्या रोटरला पात्यागणिक मागेपुढे हलणारी बिजागरी आणि तिचे डॅम्पर (हालचाल मंदावणारे भाग) लागतात. ते बिघडले तर जमिनीवर टेकलेलं यंत्र थरथरत काही सेकंदांत स्वतःला मोडून घेतं. यंगच्या रोटरला ती बिजागरीच नाही, त्यामुळे तो धोकाही नाही. सुटे भाग कमी, म्हणून शेताच्या बांधावर दुरुस्ती शक्य झाली.

हबच्या खाली, पात्यांना काटकोनात, एक दांडा दिसतो. त्याच्या दोन्ही टोकांना वजनं आहेत. हा स्टॅबिलायझर बार, यंगची खरी कमाई. तो मास्टबरोबर फिरतो, पण फिरण्याची आपली पातळी सोडत नाही. वाऱ्याच्या झोताने यंत्र कलंडलं तरी बार आधीच्याच पातळीत राहतो आणि त्याला जोडलेल्या लिव्हरांमधून पात्यांचा कोन असा बदलतो की रोटर बारच्या पातळीकडे परत येतो. पायलटला सावरायला वेळ मिळतो. बार अगदीच हट्टी राहिला तर मात्र यंत्र पायलटचंही ऐकणार नाही. म्हणून बार आणि मास्ट यांच्यामध्ये दोन हायड्रॉलिक डॅम्पर आहेत. त्यांच्यामुळे बार काही सेकंदांत हळूहळू मास्टच्या मागे येतो. या दोन डॅम्परांचा वेग जुळलेला लागतो. एकातून तेल गळालं की बार वाकडातिकडा मागे येतो आणि हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी उभं असताना, यंत्र डगमगतं. जुने मेकॅनिक रोज सकाळी बार हाताने वाकवून सोडत आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळात परत येतात का ते बघत.

याच डुलत्या हबची एक वाईट बाजूही आहे. पुढे टेकडी आली म्हणून वर घेतलं आणि मग सायक्लिक (यंत्र कलवायची काठी) झटकन पुढे लोटलं, तर क्षणभर यंत्र वजनहीन होतं. रोटरवर भार नसला की धड रोटरच्या मागे येत नाही. शेपटीच्या रोटरचा धक्का मात्र चालूच असतो, तो धडाला उजवीकडे कलंडवतो. अशा वेळी सहज वाटणारी गोष्ट म्हणजे काठी डावीकडे मारणं, आणि नेमकं तेच घातक. हब मास्टवर आदळतं आणि मास्ट तुटू शकतो. काठी आधी हलकेच मागे घ्यायची, रोटरवर भार येऊ द्यायचा, मगच कल सावरायचा. दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरवर शिकणाऱ्याला हे पहिल्याच दिवसांत घोकावं लागतं.

म्युझियममध्ये इंजिनाकडे बघायला विसरू नका. ते आसनांच्या मागे उभं बसवलेलं आहे. सुरुवातीचं फ्रँकलिन १७८ अश्वशक्तीचं, पुढे २०० चं, नंतर लायकॉमिंग. हवेत एकाच जागी उभ्या यंत्राला समोरून वारा मिळत नाही, म्हणून इंजिन थंड करायला पंखा जोडावा लागला. वरचा गिअरबॉक्स वेग नऊ पटींनी कमी करतो. इंजिन मिनिटाला ३१०० फेऱ्यांवर असलं की रोटर साधारण ३४४ वर फिरतो. दोन पाती म्हणजे सेकंदाला अकरा-बारा ठोके. जुन्या हेलिकॉप्टरचा तो ओळखीचा धपधप आवाज इथून येतो. यापेक्षा मंद, फेरीला एकच हिसका जाणवला, तर बिघाड शोधायचा. हिसका वर-खाली असेल तर दोन पाती एका पातळीत फिरत नाहीत. आडवा असेल तर वजनाचा तोल गेलाय. पूर्वी पातळी तपासायला पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांचे खडू लावत. रोटर फिरत असताना खांबावर ताणलेली कापडी पट्टी अलगद कडेला नेत. दोन रंगांच्या खुणांमधलं अंतर म्हणजेच पात्यांमधला फरक. सुरुवातीची पाती लाकडी होती आणि लाकूड दमट हवेत ओल धरतं, त्यामुळे एक पातं बिघडलं तरी जुळवलेली जोडीच बदलावी लागे.

वेस्ट चेस्टरहून बफेलो म्हणजे पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांतून सहा-सात तासांची गाडी. यंगनेही १९४१ च्या सप्टेंबरात आपलं मॉडेल बफेलोला नेलं आणि बेल कंपनीच्या कारखान्यात ते घरातल्या घरात उडवून दाखवलं. त्याच वर्षी करार झाला. युद्धविमानांच्या कारखान्यात गर्दी नको म्हणून त्याच्या छोट्या तुकडीने गावाबाहेर गार्डनव्हिल इथे मोटारींचं एक जुनं गॅरेज घेतलं. तिथे बेल ४७ चं पूर्वरूप, मॉडेल ३० हे पूर्ण आकाराचं हेलिकॉप्टर, तयार झालं आणि १९४२ च्या डिसेंबर अखेरीस दोर बांधून पहिल्यांदा जमीन सोडून उठलं. युनियन रोडवरून आज जाताना सगळी दुकानं आणि वस्ती दिसते, पण आजूबाजूची सपाट मोकळी जमीन बघितली की ही जागा का निवडली ते कळतं. १९४४ मध्ये बेलचा चाचणी वैमानिक फ्लॉइड कार्लसन याने बफेलोच्या एका लष्करी सभागृहात, छपराखाली, हे यंत्र उडवून दाखवलं. यंत्र किती ताब्यात आहे ते लोकांना पटलं. उपयोग पटला पुढच्या हिवाळ्यात. जानेवारी १९४५ मध्ये विमानातून उडी मारलेल्या जॅक वूलम्स या चाचणी वैमानिकापर्यंत कार्लसनने हेलिकॉप्टरमधून डॉक्टर पोचवला. मार्चमध्ये ईरी सरोवराच्या फुटत्या बर्फावर अडकलेले दोन मासेमार त्याने उचलून आणले.

तिथून नायगारा अर्ध्या तासावर. बेल ४७ ची पहिली यंत्रं बाहेर पडली ती धबधब्याजवळच्याच व्हीटफील्डच्या कारखान्यातून. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर विभाग टेक्सासला गेला. धबधबा बघून अर्धा दिवस उरत असेल तर विमानतळाजवळचं नायगारा एअरोस्पेस म्युझियम गाठा. रशियातल्या तळ्यातून वर काढलेलं बेलचंच पी-३९ विमान तिथे आहे.

न्यूयॉर्कमध्ये थांबा एकच, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट. त्यांनी १९८४ मध्ये बेल ४७ चं ४७डी-१ हे मॉडेल आपल्या संग्रहात घेतलं. त्यांना रूप आवडलं असेल, पण त्यातल्या प्रत्येक रेषेमागे काम आहे. सुरुवातीच्या मॉडेलला मोटारीसारखी बंद केबिन होती. तिथून खालची जमीन दिसेना, म्हणून यंगने प्लेक्सिग्लास तापवून त्यात हवा भरली आणि एकसंध बुडबुडा फुगवला. शेपटीवरचं आवरण काढून टाकलं, कारण उघड्या नळ्यांचं वजन कमी आणि वेल्डिंगच्या सांध्यातली चीर डोळ्यांनी दिसते. चाकांऐवजी स्किड (नळ्यांचे लांब पाय) आले, कारण चाकं चिखलात रुततात. त्या बुडबुड्याखाली उन्हाळ्यात भयंकर उकडतं. तो पुसायचा तो फक्त पाण्याने आणि मऊ कापडाने. पेट्रोल किंवा अमोनिया लागला की बारीक चिरांचं जाळं पडतं.

१९५३ च्या ४७जी मॉडेलमध्ये इंधनाच्या दोन टाक्या मास्टच्या दोन्ही बाजूंना आल्या. इंधन संपत गेलं तरी तोल फारसा ढळेना. वजनाचं गणित मात्र कायम कडक. कमाल वजन सुमारे १०६६ किलो, रिकामं यंत्र साधारण ६५० ते ७००. उरलेल्या साडेतीन-चारशे किलोंत पायलट, इंधन आणि माल. तासाला साधारण साठ लिटर पेट्रोल लागतं. फवारणीला निघालं की टाक्या अर्ध्याच भरायच्या, औषधाची गाडी शेताच्या कडेला उभी करायची आणि दर काही मिनिटांनी उतरून पुन्हा भरायचं. रोटरचा वारा औषध पानांच्या खालच्या बाजूलाही पोचवतो, हा हेलिकॉप्टरचा मोठा फायदा. पण तो कमी वेगातच. ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे गेलं की वारा मागे पडतो आणि फवारा विमानासारखाच पसरतो. फवारणीत सगळ्यात जास्त जीव घेतात त्या विजेच्या तारा. सकाळी तारा दिसतात आणि सूर्य समोर आला की दिसत नाहीत, म्हणून आधी शेताभोवती उंचावरून एक फेरी मारून खांब मोजून घ्यायचे.

डोंगरातलं काम आणखी अवघड. उंचावर आणि उष्ण हवेत इंजिनाची ताकद घटते, पात्यांची पकडही घटते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कार्ल एगर आणि त्याच्या साथीदारांनी १९४८ पासून बेल ४७ वर मोजणीच्या पथकांना डोंगरमाथ्यांवर उतरवलं आणि डोंगरात उडण्याचे नियम घालून दिले. उतरायची जागा अशी निवडायची की ताकद कमी पडली तर उताराकडे सुटता येईल. उठताना सरळ वर न जाता जमिनीलगतच्या हवेच्या आधाराने वेग घ्यायचा. पुढे ४७जी-३ ला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) आणि नंतरच्या मॉडेलांना टर्बोचार्जर मिळाला तो याच गरजेतून. ६ जून १९५५ रोजी ज्याँ मॉइनने बेल ४७ आल्प्समधल्या माँ ब्लांच्या शिखरावर उतरवलं.

कोरियातल्या युद्धात एच-१३ या नावाने हेच यंत्र १९५१ पासून जखमींना नेऊ लागलं. स्किडवर दोन्ही बाजूंना एकेक स्ट्रेचर. केबिनमध्ये जागाच नव्हती, त्यामुळे जखमी बाहेर, थंडीत. मग स्ट्रेचरवर आवरणं आली, इंजिनाची ऊब नळीने आत सोडली, आणि उडता उडता प्लाझ्मा देता येईल अशी सोय झाली. एकच जखमी असला तर यंत्र एका बाजूला ओढलं जाई. दुसऱ्या बाजूला वजन ठेवलं नाही, तर काठी टोकाला टेकेपर्यंत दाबूनही सरळ उठत नसे. रात्री उड्डाण जवळजवळ अशक्य, कारण अंधारात यंत्र सरळ ठेवायला लागणारी उपकरणंच त्यात नव्हती. एवढ्या उणिवा असूनही या यंत्रांनी हजारो माणसं जिवंत मागे आणली. भारतीय हवाई दलानेही बेल ४७जी वापरलं.

वॉशिंग्टनला गेलात की डलेस विमानतळाजवळचं उडवार-हेझी सेंटर चुकवू नका. प्रवेश फुकट आहे, गाडी लावायचे पैसे पडतात. तिथे गार्डनव्हिलच्या गॅरेजात बांधलेलं मॉडेल ३० आहे, आणि एच-१३जे सुद्धा. १९५७ च्या जुलैमध्ये आयझेनहॉवर याच प्रकारच्या हेलिकॉप्टरमधून उडाले. पदावर असताना हेलिकॉप्टरने जाणारे ते पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. दोन्ही यंत्रांच्या हबकडे नीट बघा. केबिन, शेपूट, पाय सगळं बदललंय. डुलणारं जोखड आणि वजनांचा बार तसाच आहे.

कारखान्यातून बेल ४७ येणं १९७४ पर्यंत चाललं आणि परवाना घेऊन इटली, जपान आणि ब्रिटनमध्येही ते बनलं. सगळी मिळून साडेपाच हजारांहून जास्त. २०१० पासून या हेलिकॉप्टरचं प्रमाणपत्र मिनेसोटातल्या स्कॉट्स-बेल ४७ या कंपनीकडे आहे आणि सुटे भाग आजही मिळतात. उन्हाळ्यातल्या एअर शोमध्ये एखाद्या मालकाने फेरी मारून आणतो म्हटलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: पात्यांच्या आणि हबच्या भागांच्या तासांची नोंदवही पुरी आहे का, शेपटीच्या नळ्यांचे सांधे शेवटचे कधी तपासले, आणि हवा दमट असेल तर कार्ब्युरेटरची उष्णता चालू ठेवणार का. बाहेर वीस अंश तापमान असतानाही कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो आणि इंजिनाची ताकद गुपचूप उतरत जाते.