‘येस’ म्हणालो आणि दंड भरला

काही वर्षांपूर्वी परदेशातील एका ग्रंथालयात पुस्तकाची मुदत वाढवून घेण्यासाठी गेलो असता तेथील बाईंनी विचारले, ‘हॅवन्ट यू रिटर्न्ड इट?’ पुस्तक खोलीवरच होते, म्हणून मी ‘येस’ म्हणालो. मनात उत्तर मराठीत तयार झाले होते: ‘हो, नाही केले परत.’ बाईंनी मात्र पुस्तक परत आले असे समजून मुदत वाढवलीच नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी मुकाट्याने दंड भरला.

मराठीतले ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देते, तर इंग्रजीतले ‘येस’ प्रश्न कसा विचारला याची पर्वा न करता केवळ घटनेकडे पाहते. काम झाले असेल तर ‘येस’, झाले नसेल तर ‘नो’. प्रश्नात ‘नॉट’ असो वा नसो. गंमत अशी की इंग्रजीत एकेकाळी यासाठी दोन नव्हे, चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’ असे उत्तर येई, आणि नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’. त्या काळी ‘येस’चे खरे काम नकार खोडून काढण्याचे होते: ‘तो आला नाही ना?’ ‘येस’, म्हणजे ‘आला की!’ बायबलचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या विल्यम टिंडेलने ‘ने’च्या जागी ‘नो’ लिहिले म्हणून त्याचा विरोधक, इंग्रज विचारवंत थॉमस मोरने 1532 मध्ये त्याला खडसावले होते. वाद धर्माचा होता, पण मोरला व्याकरणाचा मोह आवरला नाही. पुढे हा भेद लोकांच्या बोलण्यातून गेला.

‘नॉट’ या शब्दाची कहाणीही अशीच वळणावळणाची आहे. प्राचीन इंग्रजीत क्रियापदापूर्वी नुसता ‘ने’ येत असे (वरच्या ‘ने’हून हा वेगळा). तो उच्चारात क्षीण होत गेला, तेव्हा त्याला बळ देण्यासाठी मागून ‘काहीही नाही’ या अर्थाचा शब्द जोडला जाऊ लागला. तोच झिजून ‘नॉट’ झाला आणि अखेर ‘ने’ गळून पडला. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1917 मध्ये हा क्रम उलगडून दाखवला, आणि फ्रेंचसारख्या भाषांतही तो दिसतो.

एका वाक्यात अनेक नकार येणे तेव्हा दोषाचे मानले जात नसे. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चौसरने ‘कँटरबरी टेल्स’मधील सरदाराचे वर्णन करताना, त्याने कधी कोणाला वाईट शब्द उच्चारला नाही एवढे सांगण्यासाठी, दोन ओळींत चार नकार रचले आहेत आणि ते एकमेकांना खोडत नाहीत. अठराव्या शतकात रॉबर्ट लोथच्या इंग्रजी व्याकरणात मात्र दोन नकार मिळून होकार होतो असे सांगितले गेले. लिखित इंग्रजीतून अनेक नकारांची रीत आधीच मागे पडत चालली होती, त्यामुळे सगळा दोष लोथच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. पण बोलीतल्या ‘आय डोन्ट नो नथिंग’ला अडाणीपणाचा शिक्का बसला तो अशाच नियमांमुळे. गणितातला नियम भाषेला लावण्याचा हा हट्ट मला कधीच पटला नाही.

आपली अडचण निराळीच आहे. ‘कोणीही आले नाही’ या वाक्यात नकार शेवटी येतो आणि तोवरचे सगळे शब्द त्याची वाट पाहत थांबतात. म्हणून आपण सहज ‘एनीबडी डिड नॉट कम’ म्हणून जातो. इंग्रजीत ‘एनी’ला असे थांबता येत नाही, नकार त्याच्या आधी यावा लागतो, आणि कर्त्याच्या आधी ‘नॉट’ला जागाच नसल्यामुळे नकार कर्त्यातच मुरतो: ‘नोबडी केम’. मराठीत ‘नोबडी’ला एकच शब्द नाही, आणि अनुवाद करताना ही उणीव मला दर दोन पानांनी भेटते.