बिलेटला चुंबक लागेना

साताऱ्याच्या एमआयडीसीत एका फोर्जिंग कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. इंडक्शन हीटरमधून, म्हणजे कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं धातू तापवणाऱ्या यंत्रातून, पोलादाचे बिलेट (घडवायचे ठोकळे) १२०० अंशांच्या आसपास तापून पिवळेधमक बाहेर पडतात आणि थेट प्रेसखाली जातात. त्या दिवशी लॉट बदलला आणि थोड्याच वेळात ते लालसर यायला लागले. पॅनेलवर किलोवॅट घसरलेले, फ्रिक्वेन्सी चढलेली. प्रेस थांबवला.

"सर, कपॅसिटर गेला," आयटीआयचा पोरगा म्हणाला. संशय रास्त होता. कॉइलला जोडलेल्या कपॅसिटरांच्या संचातला एखादा उडाला की फ्रिक्वेन्सी चढतेच. पण कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा तिचा विरोध, घटला तरी ती चढते, आणि तो ठरतो कॉइलच्या पोटातल्या मालावर. गार पोलाद चुंबकीय असतं, त्यानं इंडक्टन्स चढा राहतो. लोखंड ७७० अंशांना तो गुण टाकून देतं. त्याआधी १००० हर्ट्झचा प्रवाह जेमतेम मिलिमीटरभर खोलीतून वाहतो, त्यानंतर सतराएक मिलिमीटर आत शिरतो. रोधकताही (धातूचा विजेला होणारा अडथळा) तोवर कैक पटींनी वाढलेली असते. हीटर बनवणारे हे सगळं धरूनच चालतात; गार टोकाला चुंबकीय माल येणार, हे त्यांचं गृहीत.

पॅनेल उघडलं असतं तर अर्धी शिफ्ट गेली असती. आधी ट्रेमधल्या गार बिलेटला चुंबक लावला. लागेना! ऑस्टेनिटिक जातीचं स्टेनलेस होतं, गार असतानाही चुंबकाला दाद न देणारं. म्हणूनच इंडक्टन्स घटला होता; कपॅसिटर निर्दोष. स्टोअरमध्ये कुठंतरी लॉटची गल्लत झाली होती. पुढची भांडणं क्वालिटीवाल्यांनी केली.

चहा पिताना पोरानं विचारलं, "उष्णतेनं एवढं होतं, मग प्रेसच्या दाबानं?"

आमच्या प्रेसखाली दाब फार तर हवेच्या दाबाच्या काही हजार पट, त्यानं फारसं बिघडत नाही. खरी गंमत लाखांत आहे. हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये चिरडलेलं सोडियम वीस लाख पट दाबाला चक्क पारदर्शक आणि विद्युतरोधक झालं, २००९ साली. लोखंडाची तऱ्हा उलटी. उष्णतेनं अणू थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडते. दाब ती थरथर आवरतो, वाट मोकळी करतो. पृथ्वीच्या गाभ्याच्या वरच्या सीमेवर तेरा लाख पट दाब आणि ४००० अंशांच्या घरातलं तापमान एकत्र आहे. तिथलं लोखंड किती वाहक, यावर अजून वाद चालतो.

"पण ते ७७०च्या कितीतरी वर आहे, सर. मग होकायंत्र कसं चालतं?"

पोरगं कामाचं आहे. म्हटलं, तिथं चुंबक नाहीच; बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड घुसळतं, त्यातून वीज वाहते, आणि उत्तर दिशा ती वीज दाखवते.