आटे खराब झालेत? टॅप-डाय लगेच उचलू नका

गंजलेला बोल्ट नटात अडकला की बरेच जण थेट डाय फिरवतात. डाय म्हणजे बोल्टवर नवे आटे पाडणारं हत्यार (भोकात तेच काम टॅप करतो), ती धातू कापते. आट्यात बहुतेक वेळा नुसता गंज, चिखल किंवा एखादा चेपलेला आटा असतो. तो काढताना चांगला धातूही निघाला तर बोल्ट नटात सैल बसतो. आपल्याला आटे साफ आणि सरळ करायचे आहेत, नवे पाडायचे नाहीत.

आधी पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, पाहा. एम८ म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टचं नेहमीचं पिच १.२५ मिमी, म्हणजे १० मिमीत ८ आटे. खात्रीचा चांगला बोल्ट शेजारी आट्यात आटा बसवून उजेडाकडे धरा. मधून फट दिसली तर पिच वेगळं आहे, तिथेच थांबा.

नटाच्या किंवा इंजिनच्या भोकातल्या आट्यांसाठी त्याच मापाचा ८.८ ग्रेडचा (डोक्यावर ८.८ लिहिलेला, मजबूत पोलादाचा) बोल्ट घ्या, त्याचंच आटे साफ करायचं हत्यार बनवायचं आहे. कापण्याआधीच त्यावर एक नट पार डोक्यापर्यंत चढवून ठेवा. मग हॅकसॉने टोकापासून २५ मिमी लांबीच्या दोन खाचा समोरासमोर पाडा. खोली साधारण दीड मिमी पुरते, कारण एम८ चा आटाच पाऊण मिमी खोल असतो. टोकाचे दोन-तीन आटे कानशीने निमुळते करा. आता तो नट फिरवत बाहेर काढा, करवतीने उठलेली धार तोच साफ करतो. खाचांत ग्रीस भरा, कचरा त्यात चिकटून बाहेर येतो. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच. पुढे अर्धा फेरा आत, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियमच्या भोकात जोर लागला तर पाना सोडा, बोल्ट बाहेर काढून कचरा पुसा आणि पुन्हा घाला. जबरदस्ती केली तर मऊ धातूचे आटे सोलून निघतात.

बोल्टचं टोक हातोड्याने चेपलं असेल तर नट समोरून चढणारच नाही. अशा वेळी नट मधोमध कापून दोन भाग करा, कडा कानशीने मऊ करा. हे भाग डोक्याजवळच्या चांगल्या आट्यांवर बसवा, पकडीने हलके दाबा आणि टोकाकडे फिरवत आणा. सुरुवात चांगल्या आट्यांवरून झाल्याने वाट चुकत नाही. मला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

एकच आटा वाकला असेल तर बारीक तीनधारी कानस. तिचा कोन ६० अंशांचा, मेट्रिक आट्याचाही तोच. आट्याच्या तिरक्या रेषेतच चालवा.

नुसता गंज असेल तर तारेचा ब्रश आणि डिझेल. खोल गंजाला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, मग खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच वाळवून तेल लावा. पण डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेले, म्हणजे जास्त कडक पोलादाचे बोल्ट व्हिनेगरमध्ये घालू नका. ॲसिडमुळे हायड्रोजन पोलादात शिरतो आणि असा बोल्ट ताण येताच अचानक तुटू शकतो. जस्ताचा मुलामा असेल तर तोही विरघळतो.

शेवटी नवा नट हाताने चढवून पाहा. मध्येच घट्ट होत असेल आणि तिथे आटे चेपलेले दिसत नसतील, तर बोल्ट ताणला गेला आहे, तो टाकून द्या. ब्रेक आणि चाकाचे बोल्ट तर दुरुस्त करूच नका, त्या जागी नवेच लावा.