हॅलोवीनसाठी क्रोशाचे विणकाम : माझा अनुभव

नाशिकमधील गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीतील मुले 31 ऑक्टोबरला हॅलोवीन हा भुताखेतांचा पाश्चात्त्य सण साजरा करतात आणि त्यासाठी आणलेली प्लास्टिकची सजावट दुसऱ्या दिवशी घंटागाडीत जाते. तोरणे, रुमाल आणि रुखवताच्या वस्तू विणण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे, "काकू, यंदा तूच विणून दे ना," असे पुतणीने म्हणताच मी होकार दिला. पुढे नवरात्र आणि दिवाळीची गडबड असते, म्हणून गणपती उठल्यावर लगेच, पितृपक्षातच मी क्रोशाची आकडा असलेली सुई हातात घेतली. ख्रिस्ती परंपरेत 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. त्यांच्या उंबरठ्यावर येणाऱ्या सणाची तयारी पितृपक्षात सुरू व्हावी, हे मला योग्यच वाटले.

लोकर मेन रोडवरून आणली. नारिंगी रंगाच्या सगळ्या गुंड्या एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या घेतल्या, कारण लॉट बदलला की छटा बदलते आणि एकाच माळेतील भोपळे वेगवेगळे दिसू लागतात. या सणासाठी आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून दिवे करीत आणि तेथील लोक अमेरिकेत गेल्यावर भोपळा वापरात आला, असे सांगतात. मी मात्र स्वयंपाकघरातील डांगर (लाल भोपळा) समोर ठेवले आणि त्याच्या फाका पाहूनच विणायला घेतले. गोल विणत जाण्यापेक्षा मुक्या खांबांची (आखूड, घट्ट टाक्यांची) आयताकृती पट्टी विणावी आणि प्रत्येक ओळ टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून घ्यावी; त्यामुळे उभ्या रेषा आपोआप उठतात. पट्टीची टोके जोडून नळी केली, एका कडेतून धागा ओवून ती आवळली, आत कापूस भरला आणि दुसरी बाजूही तशीच बंद केली. त्यानंतर दुहेरी धागा वरून खाली आरपार नेऊन ओढला, तेव्हा मध्यभागी खोलगट भाग तयार होऊन भोपळ्याला खरे रूप आले. सुई मात्र लोकरीच्या वेष्टनावर सुचवलेल्यापेक्षा बारीक घ्यावी, नाहीतर टाक्यांमधून कापूस डोकावतो.

माझे मन सर्वांत जास्त रमले ते कोळ्याच्या जाळ्यात, कारण ते विणताना माझ्या जुन्या रुमालांचेच तंत्र कामी आले. पांढरा सुती दोरा आणि बारीक पोलादी सुई घेऊन मधल्या कड्यात आठ खांब (उंच टाके) घातले आणि प्रत्येक दोन खांबांमध्ये दोन साखळ्या (साखळीचे टाके) ठेवल्या. पुढच्या प्रत्येक फेरीत खांबावर खांब घ्यायचा आणि मधल्या साखळ्या चार, सहा, आठ अशा वाढवत न्यायच्या, म्हणजे आठ आरे सरळ बाहेर जातात. साखळ्या याहून जास्त वाढवल्या तर जाळे झालरीसारखे लहरते. दोन-दोनच्या हिशेबाने ते ताणलेले राहते आणि खऱ्या जाळ्यासारखे दिसते. विणून झाल्यावर ते साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून हलके पिळले, थर्माकोलवर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पसरले आणि प्रत्येक आऱ्याचे टोक न गंजणाऱ्या टाचणीने ताणून बसवले. नाशिकच्या ऑक्टोबरमधील कोरड्या उन्हात खळ लवकर वाळते, आणि टाचण्या काढल्यावर जाळे हातात ताठ उभे राहते, हे पाहण्यात मला फार समाधान मिळाले.

वटवाघळांचे विणकाम सोपे आहे, पण काळ्या लोकरीतील टाके दिव्याच्या उजेडात दिसत नाहीत. म्हणून ते काम मी सकाळी गॅलरीत बसून, मांडीवर पांढरा पंचा पसरून केले. चेटकिणीच्या टोपीला मॅजिक रिंगमध्ये (धाग्याच्या आवळता येणाऱ्या वेढ्यात) सहा टाके घेऊन सुरुवात केली; टोक उंच हवे असल्यामुळे टाके सावकाश वाढवले आणि काठाच्या वेळी एकदम वाढवून तो सपाट पसरू दिला. अशा छोट्या टोप्या हेअरबँडवर शिवल्या आणि चिमुकली वटवाघळे मोठ्या मुलींच्या कानातल्यांच्या आकड्यांना लावली.

डोळ्यांच्या बाबतीत मी कोणाचेही ऐकले नाही. प्लास्टिकचे चमकदार डोळे छान दिसतात, परंतु तान्ही मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात आणि सुटलेला डोळा घशात अडकू शकतो. म्हणून सगळे डोळे आणि तोंडे मी धाग्याने भरली.

सण झाल्यावर लोकरीच्या वस्तू झटकून सुती पिशवीत ठेवल्या, तर जाळी कोमट पाण्यात बुडवून त्यांची खळ पूर्ण काढून टाकली. खळीवर कसर येते आणि पावसाळ्यातील ओल्या हवेत तिच्यावर बुरशीही धरते. त्यामुळे जाळी मऊच ठेवावीत आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा खळ द्यावी.