रिजेक्ट कास्टिंग पिशवीत घालून मीटिंगला गेलो तेव्हा

परवा कंपनीत नवीनच लागलेल्या एका पोरानं विचारलं, सर तुम्ही त्या आयआयएफच्या मीटिंगला दर वेळी जाता, त्याचा खरंच काय उपयोग होतो का नुसतं जेवायला? मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता, कारण पहिली तीन वर्षं मी नुसतं जेवायलाच जात होतो. त्याला तिथं उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, फर्नेसवरनं हाक आली, म्हणून इथं लिहितोय.

आयआयएफ म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतून सुटे भाग, म्हणजे कास्टिंग, काढायचा कारखाना, आणि त्या धंद्यातल्या लोकांची ही 1950 साली सुरू झालेली संस्था, म्हणजे आपल्या महाराष्ट्र राज्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. मुख्य ऑफिस कोलकात्यात आणि गावोगावी चॅप्टर, म्हणजे शाखा. कोल्हापुरात चॅप्टर असणारच, कारण इथं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल कुठंही जावा, दर दोन शेडमागं एक फौंड्री आहे. माझी मेंबरशिप पहिल्या कंपनीतल्या साहेबांनी भरली, मला विचारलं पण नव्हतं, सही कर म्हणाले, केली. कार्ड आलं ते पाकिटात गेलं आणि महिन्यातनं एखादी संध्याकाळ मी मागच्या रांगेत बसायला लागलो. पुढं सत्कार चाललेत, पुष्पगुच्छ, शाल, मग कोणतरी कंपनीवाला आपल्या बाइंडरची नाहीतर कोटिंगची जाहिरात करतोय, आणि आमचं सगळं लक्ष बाहेर ताटं लावल्याचा आवाज येतोय का तिकडं.

मग ती भोकं आली.

ट्रॅक्टरचं एक हाउसिंग होतं, ग्रे आयर्न म्हणजे साध्या बिडाचं, एका बाजूला चांगलं जाड सेक्शन. दोन वर्षं व्यवस्थित चाललेलं कास्टिंग आणि अचानक मशीनिंगला गेल्यावर आत भोकं दिसायला लागली. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करताना, काय दिसत नाही, शॉट ब्लास्टनंतर काय दिसत नाही, मशीनशॉपनं पहिला कट घेतला की बाहेर. कस्टमरचा ट्रक माल परत घेऊन यायला लागला आणि त्या परत आलेल्या मालाचा ढीग मालकांच्या केबिनच्या खिडकीसमोरच पडायचा, तेवढी एकच जागा रिकामी होती. आम्ही पंधरा दिवस वाळूच्या मागं लागलो. मॉइश्चर कमी केलं, परमिअबिलिटी, म्हणजे वाळूतनं गॅस किती जातो ते, बघितली, वाळू धरणाऱ्या बेंटोनाइट मातीची बॅच बदलली, कोल डस्ट कमी जास्त केला, पोअरिंग टेम्परेचर वाढवलं, मोल्डला व्हेंट वाढवली. मोल्डिंगच्या मिस्त्रीला रोज शिव्या. तो बिचारा म्हणायचा साहेब माझी वाळू तीच आहे की, पण भोक पडलं की दोष वाळूचा असा आमच्यात एक ठरलेला समज असतो.

त्या शुक्रवारी चॅप्टरची मीटिंग होती. मी अर्धं कापलेलं कास्टिंग प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि घेऊन गेलो, का ते मलाच माहीत नाही, घरी जाऊन त्याच्याकडंच बघत बसणार होतो त्यापेक्षा म्हटलं चला. आता हे बाहेरच्याला साधं वाटेल पण कोल्हापुरात ते साधं नव्हतं. इथली फौंड्री वाढली ती ऑइल इंजिनाच्या कामातनं, उद्यमनगरच्या गल्ल्यांतनं, आणि तिथं विद्या हातातनं हातात जायची, ती पण सगळ्यांच्या नाही. मी असे मिस्त्री बघितलेत जे वाळूत काय मिसळतात ते पोरांना चहा आणायला पाठवून मग मिसळायचे. वर परत आम्ही सगळे त्याच चार कस्टमरच्या दारात उभे. म्हणजे माझं रिजेक्शन चार लोकांसमोर टेबलावर ठेवणं म्हणजे शेजारच्या फौंड्रीवाल्याला सांगणं की बाबा हा जॉब आमच्याकडनं निसटायलाय, कोटेशन टाक. मालकांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी घरी.

जेवताना एका रिटायर झालेल्या काकांच्या शेजारी बसलो होतो, सगळं आयुष्य फर्नेससमोर गेलेला माणूस. त्यांना दाखवलं. त्यांनी ताट बाजूला सारलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "भोक गोल हाय का लांबट?"

मी म्हटलं लांबट, जरा वाकडं, स्वल्पविराम काढल्यासारखं.

"जाड जागंलाच?"

होय.

"पिग किती घालता?"

आता हा प्रश्न मला पंधरा दिवसांत कुणीच विचारला नव्हता. पिग म्हणजे भट्टीत घालायचं कच्चं लोखंड, महाग झालं म्हणून आम्ही ते कमी केलेलं, स्टीलचं स्क्रॅप वाढवलेलं, आणि कार्बन कमी पडतो म्हणून वरनं कार्बुरायझर, म्हणजे कार्बन वाढवायची पूड, जास्त घालत होतो. आणि तो कार्बुरायझर पर्चेसनं दोन महिन्यांपूर्वीच बदलला होता, किलोमागं थोडे पैसे वाचले म्हणून त्यांचं कौतुक पण झालं होतं. काका म्हणाले, "वाळूला शिव्या घालू नगा, तिचा काय दोष न्हाई. नायट्रोजन हाय हा."

झालं काय होतं की स्वस्तातल्या पेट कोकच्या कार्बुरायझरमधनं नायट्रोजन लोखंडात जात होता, स्टील स्क्रॅपमधनं पण थोडा येतच होता, आणि शेल कोअरच्या, म्हणजे कास्टिंगची आतली पोकळी करणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या, रेझिनमध्ये हेक्सामाइन असतं तिथनं पण. कपोला, म्हणजे कोकवरची जुनी भट्टी, चालायचा तेव्हा चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, पिग भरपूर असायचं म्हणून ही भानगड आमच्याकडं कधी दिसली नव्हती, विजेच्या इंडक्शन भट्टीवर आल्यावर चार्जचं गणित बदललं आणि आम्ही मात्र जुन्याच ठिकाणी चोर शोधत बसलो. आमच्या स्पेक्ट्रोवर, म्हणजे लोखंडात काय किती ते सांगणाऱ्या मशीनवर, नायट्रोजन दिसत नव्हता, बाहेर सँपल पाठवलं तर 100 पीपीएमच्या वर आला. कमी नायट्रोजनचा ग्राफाइट कार्बुरायझर मागवला, पिग थोडं वाढवलं आणि तो माल येईपर्यंत ओतायच्या लॅडलमध्ये जरासं फेरो टायटॅनियम टाकून दिवस काढले, टायटॅनियम नायट्रोजनला धरून ठेवतं. भोकं थांबली. मग मशीनशॉपवाले ओरडायला लागले की टूल लवकर जायलाय, कारण टायटॅनियमचे ते कण लई कडक असतात, पण ते भांडण पुढचं, ते आपण आनंदानं केलं.

तर त्या पोराला मला हे सांगायचं होतं. पुस्तकात हे सगळं आहे, डिफेक्टच्या पुस्तकात फोटोसकट आहे, पण पुस्तक उघडायला आधी नाव माहीत पाहिजे ना, आणि आम्ही ब्लो होल, म्हणजे वाळूतल्या गॅसचं भोक, म्हणून शोधत होतो. नाव सांगणारा माणूस त्या जेवणाच्या टेबलावर होता. आणि तो तीन वर्षं तिथंच होता, मीच रिकाम्या हातानं जात होतो.

त्यानंतर मी पुढच्या रांगेत बसायला लागलो असं नाही, मागंच बसतो, पण आपलं काय अडलंय ते घेऊन जातो. आणि गंमत अशी की मी सांगितलं की दुसरा पण सांगतो. त्याचं शेल कोअर तुटतंय, याच्या एसजी आयर्नला नोड्यूल नीट मिळेनात, कुणाच्या भट्टीचं आतलं लायनिंग आधीच जातंय. कस्टमरचं नाव आणि रेट सोडून सगळं बोलतात, ते दोन विषय निघाले की सगळ्यांचं तोंड बंद, तेवढा व्यवहार पाळलाच पाहिजे.

जानेवारी 2016 मध्ये इंडियन फौंड्री काँग्रेस कोइमतूरला होती. आम्ही सहा जण गाडी करून गेलो, शिरोलीच्या पुलाखालनं जो हायवे धरला तो बंगळुरूमार्गे, एक जण सगळ्या रस्त्यानं गाडीत मिसळ मिळत नाही म्हणून रडत होता. तिथं कळलं की आपण किती लहान वर्तुळात फिरतो. कोइमतूरवाले पंपाचं कास्टिंग करतात, हावड्याचे मॅनहोलची झाकणं करतात, राजकोट, बेळगाव, जालंधर, प्रत्येकाची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. पेपर मी दोनच धड ऐकले, बाकीचे डोक्यावरनं गेले. पण तिथल्या एका फौंड्रीत बघितलं की वाळूचे रोजचे आकडे लॅबच्या वहीत नव्हते, मोल्डिंग लाइनवर मोठ्या फळ्यावर होते, मोल्डरला जाता येता दिसतील असे. खर्च म्हणाल तर फळा आणि खडू. आल्यावर आमच्यात लगेच केलं.

आणि नोकरी. त्या पिशवीच्या मीटिंगनंतर पाचएक वर्षांनी कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतनं एका प्लांट हेडचा फोन आला, म्हणाले मेथडला, म्हणजे कास्टिंग कसं ओतायचं ते ठरवायला, सीनियर माणूस पाहिजे, येतोस का बोलायला. मी म्हटलं सर माझं नाव कुणी दिलं? तर म्हणाले, "पिशवीत कास्टिंग घेऊन फिरत होतास तो तूच नव्हं?" माझी डिग्री, सर्टिफिकेट यातलं त्यांना काही आठवत नव्हतं, पिशवी आठवत होती. इंटरव्ह्यू म्हणजे अर्धा तास आम्ही दोघं त्यांच्या रिजेक्शनच्या ढिगाशेजारी उभे राहून बोललो. आज त्याच कंपनीत आहे. आता यावरनं कुणी असं समजू नये की मेंबर झालं की नोकऱ्या चालत येतात, कार्ड वाटत फिरणारे पण आमच्यात आहेत, दर मीटिंगला नवीन हुद्दा, त्यांना कुणी फोन करत नाही.

लॉकडाऊननंतर फर्नेस परत सुरू करायची होती तेव्हाचं अजून एक. लायनिंग करायला रॅमिंग मास, म्हणजे त्या अस्तराचा माल, नाही, सप्लायरचा माल रस्त्यात कुठं अडकलाय त्याचा पत्ता नाही. चॅप्टरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, संध्याकाळी शिरोलीतल्या एका फौंड्रीनं दहा बॅगा टेम्पोत घालून पाठवल्या, पैसे नंतर बघू म्हणाले. तीच फौंड्री एका जॉबला आमच्या विरुद्ध कोटेशन टाकून बसलेली होती. जॉब शेवटी त्यांनाच मिळाला, ते जाऊ दे.

तक्रारी आहेतच. सत्काराला अजूनही पाऊण तास जातो. फर्नेसवर काम करणारी माणसं मीटिंगला दिसत नाहीत, मालक आणि मॅनेजरच जास्त, आणि मिस्त्री लोकांना तर कुणी बोलवतच नाही. मागच्या वर्षी मी आमच्या मिस्त्रीमामांना जबरदस्तीनं घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून आले, शेवटच्या खुर्चीवर बसले, स्लाइड सगळ्या इंग्लिशमध्ये, त्यात रायझर दाखवलेला, म्हणजे कास्टिंग आकसताना त्याला लोखंड पुरवणारा आणि नंतर तोडून टाकायचा तुकडा, मला वाटलं झोपणार आता. तर प्रश्नोत्तराच्या वेळी उठून उभे राहिले आणि प्रेझेंटेशनवाल्याला म्हणाले, साहेब तुमचा रायझर ज्या जागी दाखवलाय तिथं तो तोडताना खालच्या कास्टिंगचा तुकडा काढून नेतोय, तुम्ही स्वतः कधी तोडून बघितलाय का? सगळा हॉल हसला. पण नंतर तो माणूस जेवण सोडून मामांच्या शेजारी वही घेऊन बसला होता.

त्या नवीन पोराला मी या वेळी चल म्हटलंय. माझी यंदाची फी मात्र अजून भरायची राहिलीय, ट्रेझररसाहेबांचे तीन फोन येऊन गेले, आज रात्री ऑनलाइन भरतोच.