व्यायामशाळेच्या जुन्या साहित्याचं मूल्यांकन : खजिनदार म्हणून माझा अनुभव

2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्या व्यायामशाळेच्या कार्यकारिणीपुढे एक कागद आला. ट्रेडमिल, मशीन, प्लेटा, डंबेल, सगळं जुनं साहित्य एकगठ्ठा 1 लाख 40 हजारांना घ्यायची तयारी. घेणारा एका सदस्याच्या नात्यातला. नव्या साहित्यासाठी देणगी आलेली होती, जागा मोकळी करायची होती, त्यामुळे दोघं-तिघं लगेच म्हणाले, "देऊन टाकू, भंगारच आहे ते."

मी खजिनदार. 1 लाख 40 हजार कमी आहेत की जास्त, हे मला सांगता येत नव्हतं आणि तेच मला टोचत होतं. 2016 मध्ये महिलांची सकाळची बॅच सुरू झाली तेव्हा मी इथे आले. त्याच वर्षी 11 लाख 40 हजारांचं साहित्य घेतलं. वर्गणीची पावती पुस्तकं घेऊन मी स्वतः कऱ्हाडच्या आसपासच्या गावांत फिरले आहे. त्यात 51 रुपयांच्या पावत्याही आहेत. त्या पैशांचं जे काही उरलं असेल, ते अंदाजाने कुणाच्या हातात द्यायला माझं मन तयार होईना.

ऑडिटरकडे गेले. त्यांनी ताळेबंद उघडला. दरवर्षी उरलेल्या किमतीवर 15 टक्के घसारा, म्हणजे वापराने होणारी घट, धरत आठ वर्षांनी 2016 चं साहित्य वहीत 3 लाख 10 हजारांच्या घरात होतं. त्याआधीचं लोखंड, म्हणजे 1980 च्या आसपास जमलेल्या प्लेटा आणि डंबेल, वहीत जवळजवळ शून्य. मी म्हटलं, मग हीच किंमत धरू या का? ते म्हणाले, "मॅडम, घसारा हा हिशोबाचा नियम आहे. बाजारात वस्तू काय भावाने जाईल, ते त्याला माहीत नसतं." स्थावर मालमत्ता विकायची असती तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागली असती. हे जंगम साहित्य, त्यामुळे तशी परवानगी नको. पण हिशोब धर्मादाय कार्यालयात जातोच, आणि घेणारा सदस्याचा नातेवाईक असेल तर किंमत कुणी आणि कशी ठरवली, याचा कागद हवाच, असं त्यांनी बजावलं.

पहिल्यांदा मी चुकीच्या दाराशी गेले. जुन्या जिम साहित्याचा व्यापार करणाऱ्या एकाने "मूल्यांकन फुकट करून देतो" म्हणून सांगितलं. मी व्हॉट्सॲपवर तीस-पस्तीस फोटो पाठवले. तासाभरात उत्तर आलं : सगळ्याचे 1 लाख 75 हजार, उद्या टेम्पो पाठवतो. किंमत ठरवणारा आणि माल नेणारा एकच. मी नाही म्हणून कळवलं.

मग रीतसर शोध घेतला. कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत मूल्यांकनकार असतात आणि त्यांची यादी भारतीय दिवाळखोरी मंडळाच्या म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात तीन वर्ग आहेत : जमीन आणि इमारत, यंत्रसामग्री, आणि शेअर-रोखे वगैरे आर्थिक मालमत्ता. आपल्याला लागतो तो यंत्रसामग्रीवाला. हे आधी नीट पाहा, कारण मी पहिला फोन केला ते घरं-जमिनींचं मूल्यांकन करणारे निघाले आणि त्यांनी प्रामाणिकपणे तसं सांगितलं. शेवटी कोल्हापूरचे एक साहेब मिळाले, मेकॅनिकल इंजिनीअर. फी 15 हजार, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. बैठकीत या 15 हजारांवरून बराच वाद झाला. "किंमत जास्त निघाली तर त्यातूनच टक्का द्या की," असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, आमच्या आचारसंहितेत तसली फी घेता येत नाही, आकडा मोठा निघाला तर माझा फायदा, असं झालं तर त्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? हे उत्तर मी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं आणि ठराव मंजूर झाला.

येण्याआधी त्यांनी तीन गोष्टी मागितल्या : खरेदीची बिलं, डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे टिकाऊ साहित्याची नोंदवही, आणि दुरुस्तीच्या पावत्या. बिलं मिळाली. रजिस्टरमध्ये "ट्रेडमिल नग 3" एवढीच नोंद, सिरीयल नंबर नाही, मॉडेल नाही. दुरुस्तीच्या पावत्या तीनपैकी एकाच ट्रेडमिलच्या सापडल्या. वस्तादांनी पोरांना लावून मशीनना रंग मारायचं ठरवलं होतं. ते कळताच साहेबांनी फोनवरच थांबवलं. "धूळ पुसा, बाकी काही करू नका. ताज्या रंगाखाली वेल्डिंगची चीर लपते. मग मला प्रत्येक जोडाबद्दल शंका घ्यावी लागेल."

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ते आले. सकाळी नऊ ते दुपारी चार. मला वाटलं होतं, बघतील, लिहितील, जातील. त्या माणसाने प्रत्येक वस्तूला हात लावला.

ट्रेडमिल सुरू करून त्यांनी कन्सोलवरची ठरावीक बटणं एकत्र दाबली. सर्व्हिस मेनू उघडला आणि एकूण चाललेले तास दिसले. एकीवर 6,812, दुसरीवर 7,900 च्या पुढे. आठ वर्षं रोज समोर असूनही हा आकडा आत साठत असतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मग पट्ट्याची कड उचलून त्यांनी खालच्या फळीवरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला सांगितला. कडेला फळी काचेसारखी गुळगुळीत, मधोमध, जिथे पाऊल पडतं तिथे, खरखरीत. त्यानंतर वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून ऐंशी किलोच्या एका पोराला चालायला लावलं. 2022 मध्ये पट्टा आणि फळी बदललेली ट्रेडमिल पाच अँपिअरच्या आसपास घेत होती, न बदललेली जवळजवळ नऊ. घर्षण वाढलं की मोटर जास्त करंट ओढते, आणि तो ताण शेवटी कंट्रोलर जाळतो. तिसरी ट्रेडमिल बंद का पडली होती, ते तिथे उभ्या उभ्या समजलं.

लॅट पुलडाउनपाशी, म्हणजे बसून वरची दांडी केबलने खाली ओढायच्या मशीनपाशी, त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि केबलवरून वरपासून खालपर्यंत हळूहळू ओढत नेला. प्लास्टिकचं आवरण सुटलेल्या ठिकाणी कापसाचे धागे अडकले. आतल्या तारेचे तीन-चार पदर तुटलेले होते, डोळ्याला दिसतही नव्हते. त्या मशीनवर आमच्या बायका रोज बसायच्या. मी तेव्हाच चिठ्ठी लावून ते मशीन बंद केलं. मूल्यांकनापेक्षा ती गोष्ट मला मोठी वाटली.

मशीनमधली वजनं ज्यांवरून वर-खाली सरकतात त्या गाइड रॉडच्या तळाशी गंजाचे बारीक खड्डे होते. मार्च 2020 मध्ये जिम बंद झाल्या त्या राज्यात दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला उघडल्या. त्या पावसाळ्यात आमच्या हॉलला कुलूप होतं आणि आत कुणी वंगणाचा थेंब टाकला नव्हता. त्याची खूण अजून तशीच आहे. बार फरशीवर लोळवून पाहिले. दोन सरळ गेले, एक मधोमध हेलकावे खात गेला, म्हणजे वाकलेला.

मग जुनं लोखंड. मला वाटलं, हे तर शून्यातलं. साहेबांनी वजनकाटा मागवला आणि एकेक प्लेट चढवली. वीस किलो छापलेल्या काही प्लेटा सव्वाएकोणीस भरल्या, ओतकामाच्या जुन्या प्लेटांत एवढा फरक असतोच म्हणे. एकूण 1,240 किलो. भंगारवाला तेव्हा किलोला 30 रुपये देत होता. साहेबांनी 65 धरले. कारण ही वस्तू अजून जशी होती तशीच काम करते, आणि नवीन जिम काढणारा ती त्याच कामासाठी घेईल. न मोडणाऱ्या वस्तूला वय कसलं लावायचं, असं ते म्हणाले.

भिंतीशी उभ्या लाकडी जोड्यांपाशी, म्हणजे फिरवायच्या मुद्गलांपाशी, ते थांबले. काहींवर देणाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं कोरलेली आहेत. "ह्या विकायच्या आहेत का?" त्यांनी विचारलं. वस्ताद काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, नाही. त्यांनी यादीत त्या नोंदवल्या आणि पुढे "विक्रीसाठी नाही" असं लिहिलं. मलखांबापुढेही तेच.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. प्रत्येक वस्तूचा फोटो, अवस्था, पद्धत. मशीनसाठी आज तसंच नवीन घ्यायला काय लागेल त्यातून झीज वजा केलेली, आणि पडताळ्याला जुन्या बाजारातले व्यवहार. तीन ट्रेडमिल मिळून 99 हजार : पावत्या असलेली 48, दुसरी 42, बंद पडलेली फक्त सुट्या भागांची म्हणून 9. सहा मशीन 1 लाख 62 हजार. दोन सायकली 10 हजार. लोखंड 80,600. बार 9,600. बेरीज 3 लाख 61 हजारांच्या वर. खाली दुसरा आकडा : घाईने विकावं लागलं तर 2 लाख 65 हजार. हा दुसरा आकडा आधीच मागून घ्या, वाटाघाटीत त्याखाली उतरायचं नाही हे पक्कं राहतं.

मी तो अहवाल ताळेबंदाशेजारी ठेवून रात्री बराच वेळ पाहत बसले. ट्रेडमिल वहीत 1 लाख 71 हजारांच्या, हातात 99 हजारांच्या. मशीन वहीत 1 लाख 22 हजारांची, हातात 1 लाख 62. आणि ज्याला वहीत किंमतच नव्हती, ते चाळीस वर्षांपूर्वीचं लोखंड 80 हजारांचं. 2016 मध्ये ट्रेडमिलवर निम्म्याहून जास्त पैसे घालायचा आग्रह माझाही होता. नव्या खरेदीत आम्ही एकच ट्रेडमिल घेतली.

विक्री बंद पाकिटातल्या निविदांनी केली, "जसे आहे जेथे आहे" तत्त्वावर, फलकावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना देऊन. तुटलेल्या केबलचा उल्लेख सूचनेत ठळक केला. सदस्याच्या नातेवाइकांनीही निविदा भरली, 1 लाख 55 हजारांची. मशीन आणि लोखंड शेजारच्या तालुक्यात नवी जिम काढणाऱ्या दोघा भावांनी घेतलं, ट्रेडमिल कोल्हापूरच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने. सगळे मिळून 3 लाख 32 हजार जमा झाले. केबल बदलल्याशिवाय कुणाला बसवणार नाही, हे मी त्या भावांकडून लिहून घेतलं.

नवी ट्रेडमिल फेब्रुवारीत आली. जोडणी झाल्यावर मी ती करणाऱ्या मुलाला सर्व्हिस मेनू उघडून दाखवायला सांगितला. मीटरवर शून्य होतं. त्याचा आणि सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून प्रिंट डेडस्टॉक रजिस्टरला चिकटवली, खाली तारीख घातली, आणि वस्तादांची सही घेतली.