पन्नास हर्ट्झचा ठेका

नव्वदच्या दशकात मुंबईत टीव्हीला जोडून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचे संगीत आम्ही ज्या लयीत ऐकले, ती लय त्या संगीतकारांनी ठरवलेली नव्हती. ती मूळ लयीपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने संथ होती. जुन्या गेमच्या चाली हिप-हॉपच्या अंगाने नव्याने बांधताना मी आता याच संथ रूपापासून सुरुवात करतो, आणि तसे का करतो हे नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेमसंच १९८३ साली जपानमध्ये आला. तिथल्या आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा उमटत असे, तर भारताने स्वीकारलेल्या पाल या प्रसारण पद्धतीत ते ५० वेळा, म्हणजे ५० हर्ट्झने, उमटे. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये संगीत पुढे सरकवणारा प्रोग्रामचा भाग दर चित्रचौकटीला, म्हणजे दर फ्रेमला, एकदाच चालत असे, त्यामुळे फ्रेम कमी झाल्या की गाण्याची चालही मंदावते. लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केटच्या दुकानांतून लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांचे जे संच आपल्याकडे घरोघरी आले, ते फॅमिकॉमच्या नकला होते. ५० हर्ट्झच्या देशांसाठी बनलेल्या अशा अनेक नकलांची गंमत अशी की त्यांच्या प्रोसेसरचा वेग मूळ यंत्राच्या जवळपास तेवढाच, १.७७ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवलेला होता (मूळ वेग १.७९). स्वराची उंची प्रोसेसरच्या वेगावर ठरते आणि लय फ्रेमवर ठरते. म्हणून युरोपात विकल्या गेलेल्या अधिकृत यंत्रावर, गेममध्ये मुद्दाम दुरुस्ती केलेली नसेल तर, गाणे संथही होई आणि अर्ध्या स्वराहून अधिक खालीही उतरे. या नकलांवर मात्र सूर जवळपास जागच्या जागी राही आणि फक्त लय सैल होई.

ही सैल झालेली लय हिप-हॉपला किती जवळची आहे, हे साध्या हिशेबाने कळते. पाव मात्रेला ८ फ्रेम दिलेले गाणे ६० हर्ट्झवर मिनिटाला ११२ मात्रांच्या थोडे पुढे धावते. तेच ५० हर्ट्झवर ९४ मात्रांच्या आसपास येते. जुन्या न्यूयॉर्क शैलीच्या हिप-हॉपचा ठेका बहुतेकदा ८५ ते ९५ मात्रांच्या दरम्यान चालतो. म्हणजे जी गती आणण्यासाठी एखादा अमेरिकन निर्माता मूळ चाल संगणकावर ताणून घेईल, ती आपल्या घरच्या टीव्हीने आपल्याला न मागता दिलेली होती. जुनी रेकॉर्ड तबकडीवर संथ फिरवून हीच गती आणायची म्हटली तर सूर तीन अर्धस्वरांनी खाली बसतो आणि चालीचा स्वभावच बदलतो. मला तो बदल नको असतो, कारण माझ्या कानाला ठाऊक असलेली चाल संथ आहे, पण तिचा सूर खाली उतरलेला नाही.

या नकलांचा दुसरा गुण मला त्याहून मोलाचा वाटतो. फॅमिकॉमच्या ध्वनिचिपमध्ये पाच वाहिन्या असतात: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिमुद्रणांची. चौकोनी लहर किती वेळ वर राहते यावर तिचा पोत ठरतो, १२.५ टक्क्यांना ती नाकातून निघाल्यासारखी धारदार वाजते, २५ टक्क्यांना उजळ आणि ५० टक्क्यांना पोकळ, क्लॅरिनेटसारखी. अनेक नकली चिपांमध्ये २५ आणि ५० यांची अदलाबदल झालेली होती. संगीतकाराने उजळ ठेवलेली ओळ त्यांच्यावर पोकळ वाजे, आणि पोकळ ठेवलेली ओळ पुढे येई. या गेमचे संगीत संगणकावर वाजवणाऱ्या एनएसएफप्ले या प्रोग्रामात डेंडी नावाची, म्हणजे याच प्रकारच्या नकलांची पद्धत निवडता येते, ही अदलाबदलही करता येते आणि प्रत्येक वाहिनी वेगळी मुद्रित करून घेता येते. माझे प्रत्येक रिमिक्स या पाच सुट्या ध्वनिमुद्रणांपासून सुरू होते.

त्यानंतर बहुतेक जण जे करतात ते मला पटत नाही. ते पूर्ण चाल तशीच ठेवून तिच्याखाली मोठा किक (ड्रमचा खर्जातला ठोका) आणि स्नेअर (कडक ठोका) लावतात. चाल आधीच गच्च भरलेली असते, कारण तीन सुरेल वाहिन्यांतून अख्ख्या वाद्यवृंदाचा भास निर्माण करण्यासाठी संगीतकाराने तिच्यातली प्रत्येक फट बुजवलेली असते. त्यावर आणखी काही ठेवले की गर्दी होते. मराठीत रॅप करणाऱ्या माझ्या एका मित्राला मी असाच एक ठेका ऐकवला, तेव्हा तो म्हणाला, “अरे, हे छानच आहे, पण यात मी बोलू कुठे?” धारावी, कुर्ला, अंधेरी अशा भागांतून वाढलेल्या मुंबईच्या रॅपमध्ये शब्दांना पहिला मान आहे, आणि मराठीतली जोडाक्षरे ऐकू यायची असतील तर ठेक्यात मोकळी जागा असावीच लागते. म्हणून मी चालीचे दोन किंवा चार मात्रांचे तुकडे करतो, त्यांतला बहुतेक भाग बाजूला ठेवतो आणि उरलेला तुकडा फिरवत राहतो. दुसरी चौकोनी वाहिनी मी सहसा पूर्ण काढून टाकतो. धारदार लहरीची एक ओळ पुरते. लालबागच्या मिरवणुकीत बेंजोचा सूर ढोल-ताशांच्या वरून जसा सरळ कानावर येतो, तशी ती ठेक्याच्या वर राहते.

तालवाद्ये मात्र मी बाहेरून कमी आणि चिपमधून जास्त घेतो. त्रिकोणी वाहिनीला आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही. ती एक तर वाजते किंवा बंद असते. पण तिचा सूर झपाट्याने खाली घसरवला की ढोलासारखा ठोका मिळतो, आणि कोनामी या जपानी कंपनीच्या गेममध्ये ही युक्ती वारंवार ऐकू येते. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रमयंत्राचा प्रसिद्ध किकही मुळात विरत जाणारी खर्जातली लहरच आहे, त्यामुळे दोन्ही ठोके एकाच घराण्यातले वाटतात. मी त्रिकोणी ठोक्याखाली एक साधी, हळूहळू विरणारी लहर जोडतो. लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकणाऱ्याला पायऱ्यापायऱ्यांनी बनलेल्या त्रिकोणी लहरीची गुरगुर ऐकू येते आणि मोठ्या स्पीकरवर खालचा खर्ज जाणवतो. खरखरीच्या वाहिनीचा हाय-हॅट, म्हणजे ड्रमसंचातली झांज, होतो.

खरा प्रश्न झोकाचा, म्हणजे स्विंगचा, आहे. रॉजर लिन यांनी आकाई कंपनीसाठी घडवलेल्या, १९८८ साली आलेल्या एमपीसी-६० या ठेके बांधायच्या यंत्रामध्ये जोडीतली दुसरी पाव मात्रा उशिरा वाजवता येत असे, सरळ चालीच्या ५० टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत. दर फ्रेमला एकदाच चालणाऱ्या गेमच्या प्रोग्रामला २० मिलिसेकंदांच्या फ्रेमपेक्षा बारीक काळ कळत नाही. दोन पाव मात्रांच्या १६ फ्रेम ८ आणि ८ अशा वाटण्याऐवजी ९ आणि ७ वाटल्या तर ५६ टक्क्यांचा झोक मिळतो, आणि १० व ६ वाटल्या तर एकदम ६२.५ टक्क्यांचा, मधले काहीच मिळत नाही. सुरुवातीच्या काळात मी चालीलाच झोक देत असे. आता मी चाल तिच्या कडक चौकटीत तशीच ठेवतो, हाय-हॅटला ५६ टक्क्यांवर बसवतो आणि स्नेअर हाताने दहा-बारा मिलिसेकंद मागे ओढतो. चाल सरळ चालते, ताल किंचित मागे रेलतो, आणि त्या ओढाताणीतच मला हिप-हॉप ऐकू येते.

ही रिमिक्स मी विकत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि या चालींचे रचनाकार बहुतांशी हयात आहेत. आमच्या लहानपणीच्या ‘शेकडो गेम एकात’ म्हणवणाऱ्या कॅसेटांमध्ये कंपनीची आणि निर्मात्यांची नावे पुष्कळदा पुसलेली असत, आणि काही जपानी कंपन्या संगीतकारांना टोपणनावेच वापरायला लावत. त्यामुळे कोजी कोंडो, हिरोकाझु तानाका, हिदेनोरी माएझावा ही नावे आमच्यापैकी अनेकांना फार उशिरा कळली. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कोंडो यांच्या मारिओच्या चालीला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले, आणि त्या नोंदवहीत दाखल झालेले ते पहिले गेमसंगीत ठरले. माझ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या वर्णनात मी मूळ रचनाकाराचे नाव माझ्या नावाच्या आधी लिहितो, आणि मित्राने लिहिलेल्या कडव्यांचे श्रेय त्यानंतर.